गांगोचा ना-हरकत दाखला

"वाइन म्हणजे दारूच मां गो?" आपा गावकारांनी विचारलं.

"हो आपा. पण सौम्य. बारा टक्के."

"बारा टक्के दारू. आणि उरलेला?"

"उरलेलं बहुतेक पाणी."

"मगे पाण्याचा लायसन माग. ता आमी आत्ता देतो."

ग्रामसभा हसली. मीही हसले, कारण न हसून चाललं नसतं. माझ्या हातात बोंडूच्या वाइनची बाटली होती. काजूच्या बीला चिकटून येतं ते लालपिवळं फळ म्हणजे बोंडू. बी काढली की आडेखोलात बोंडू झाडाखाली टाकून देत. मार्चमध्ये सगळ्या गावाला त्या सडण्याचा आंबूस वास असायचा. लोक नाकाला रुमाल लावून जायचे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. मला त्या वासात यीस्ट दिसायचं, आणि यीस्ट फुकट काम करत असेल तर ते वाया का घालवायचं, एवढा एकच विचार घेऊन मी तळोजाच्या सॉसच्या कारखान्यातली नोकरी सोडून काका-काकींकडे येऊन राहिले होते.

ठाण्यात वाढलेली असल्यामुळे मालवणी मला समजायची, बोलायला गेले की लोक हसायचे. म्हणून सभेत मी पुस्तकी बोलत होते आणि त्यामुळे लोक आणखीच हसत होते.

"आपा," मी म्हटलं, "दरवर्षी तुम्ही देवचाराला नारळ, कोंबडा आणि एक बाटली देता ना? गावाच्या राखणदाराला चालतं, मग…"

"देवचाराक घरवाली नाय," मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली.

आता बायका हसल्या. पुरुषांपैकी कोणी हसलं नाही.

सरपंच विजयाताई परब टेबलामागे बसून पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. वरच्या वाडीने त्यांना निवडून दिलं होतं आणि खालच्या वाडीच्या मतांशिवाय त्या पुन्हा निवडून येणार नव्हत्या. माझ्या वाइनवरून दोन्ही वाड्या आपापसात फुटलेल्या होत्या. मला लागत होता ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. उत्पादन शुल्क खात्याच्या शिरसाट साहेबांनी सांगितलं होतं, "मॅडम, फाइल चोख आहे. असा नकाशा मी आजवर पाहिला नाही. फक्त दाखला तेवढा जोडा. मार्चअखेर आला नाही तर फाइल बंद, पुन्हा पहिल्यापासून." आणि माझ्या बाबांनी ठाण्याहून फोनवर सांगितलं होतं की त्यांनी एक हंगाम दिला आहे, दोन नाही. तळोजाच्या साहेबांशी त्यांचं बोलणं झालं होतं. एप्रिलपासून माझं टेबल तिथे मोकळं असणार होतं. म्हणजे दाखला मिळाला नाही तर उरलेलं आयुष्य टोमॅटो सॉसचा आम्लांक मोजायचा.

"मी एकटी काय ठरवू?" विजयाताई शेवटी म्हणाल्या. "हां म्हटलंय तर अर्धो गाव रागावतलो, नको म्हटलंय तर उरलेलो. देवाक विचारूया."

सभागृहात जो सुस्कारा सुटला, तो मला अजून आठवतो. दार उघडून वारा आत यावा तसा. आपा गावकारांनी लगेच दोन आठवड्यांनंतरचा सोमवार ठरवला. हे गावचे मानकरी. देवाच्या कामात पहिला शब्द त्यांचा.

मला कोणी विचारलं नाही, तरी मी म्हटलं, "मला मान्य आहे."

दिनूकाका माझ्याशेजारीच बसला होता. तो कानात पुटपुटला, "भियाव नको. गांगो आपलो आसा." काकाला माझा कारखाना माझ्याइतकाच हवा होता. चव घेण्याचं खातं त्याने स्वतःकडे आधीच ठेवून घेतलं होतं. दर बुधवारी बाजाराला गेला की त्याला घरी आणून सोडावं लागायचं आणि एक चप्पल वाटेत राहायची. काकी त्याच्यासाठी चपलांचे दोन जोड एकदमच आणायची. माझ्या अर्जाबद्दल मात्र ती कधी एक शब्द बोलली नव्हती. बरण्या घासून द्यायची, बोंडू गाळून द्यायची. मला वाटायचं, तिची हरकत नाही.

*

आमच्या गावचं दैवत गांगेश्वर, म्हणजेच गांगो. काळ्या दगडाची हातभर उंचीची मूर्ती. कौल लावायचा म्हणजे गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, विहीर, नोकरी, हरवलेला बैल, सगळं याच रीतीने विचारतात.

मला यात पहिल्यांदा जे दिसलं ते असं: ओली पाकळी दगडाला पाण्यामुळे चिकटते. पाणी वाळलं की सुटते. जी बाजू आधी वाळेल ती आधी पडेल. मग दोन बाजू एकसारख्या वाळतात का?

मी स्वयंपाकघरातला पाटा भिंतीला उभा केला, दोन्ही बाजूंना तगरीच्या पाकळ्या चिकटवल्या आणि एका बाजूला समई ठेवली. समईकडची पडली. समई दुसरीकडे ठेवली. पुन्हा समईकडची पडली. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला.

"पाट्याक कौल लावतंस?"

काकी दारात उभी होती. हातात माशांची टोपली.

"प्रयोग करते आहे, काकी. उष्णतेने पाणी लवकर उडतं ना, म्हणून दिव्याकडची पाकळी आधी पडते. वाऱ्यानेही तेच होईल. पंखा लावला तर पंख्याकडची."

"आणि देवळात समई खंयच्या अंगाक आसा?"

"तेच बघायचंय. पण मला वाटतं, देवाच्या उजव्या हाताला."

काकीने टोपली खाली ठेवली. पाट्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग पाट्यासमोर हात जोडून म्हणाली, "बा पाट्या, आज बांगड्याच्या तिकल्यात तिरफळा घालू काय?" आणि समईकडची पाकळी पडल्यावर, "बरा झाला, विचारलंय ता," असं म्हणत पाटा आडवा करून त्यावर मसाला वाटायला बसली.

मधल्या एका सोमवारी मी देवळात जाऊन बसले. समई उजवीकडेच होती. त्या दिवशी बरेच कौल लागले आणि एक सोडून सगळे उजवे पडले. जो डावा पडला, त्याच्या आधी एक आजोबा मूर्तीसमोर जोरात शिंकले होते, म्हणून मी तो हिशेबात धरला नाही. घरी येताना मी जवळजवळ उड्या मारत होते. गांगेश्वर होकारच देतो. त्याला दुसरं काही देता येत नाही.

*

कौलाच्या सोमवारी अख्खा गाव लोटला. मार्चचा उकाडा, त्यात देवळाचा मंडप पत्र्याचा. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, लहान पोरं खांबांवर. मी मूर्तीच्या समोर पहिल्या रांगेत. समई जागेवर, उजवीकडे, व्यवस्थित तेवत होती. मी निर्धास्त होते.

धर्मा गुरव सत्तरीचा, किरकोळ, पण आवाज असा की ध्वनिक्षेपकाची परवानगी लागावी. त्याने मूर्तीला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा गांगेश्वरा, बारा वाडीच्या धन्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला.

"धुऱ्यांच्या कल्याणीन बोंडूची वायन करूचा मनात आणलेला आसा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"उत्पादन शुल्क म्हणान सरकाराचा एक खाता आसा. थंय तिना अर्ज दिल्यान, नकाशो दिल्यान, सातबारो दिल्यान म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ता खाता सांगता, ग्रामपंचायतीचो दाखलो हाड. ग्रामपंचायत सांगता, देवाचो कौल हाड. आता तू तरी तिका आणि खंय धाडू नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आणि यातला सर्वांत मोठा आवाज विजयाताईंचा होता.

"बरा होवचा आसात तर उजवो दी, वायट होवचा आसात तर डावो दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत घर्र असा आवाज झाला.

मुंबईच्या आडेखोल मंडळाने देवळाला उभा पंखा दिला होता. त्याच्या पात्यांवरही मंडळाचं नाव रंगवलेलं, त्यामुळे तो फिरायला लागला की नाव वाचता यायचं नाही. पंखा मूर्तीच्या डाव्या बाजूला, म्हणजे समोरून उजवीकडे, बायकांच्या अंगाला होता. मी मान वळवली. बटणाच्या खांबाशी बायका दाटीने उभ्या होत्या. काकी पदराने मान पुसत होती.

मी पुन्हा मूर्तीकडे पाहिलं. डाव्या खांद्यावरची पाकळी थरथरली, एका टोकाने सुटली, आणि पडली.

"डावो!" गाव म्हणाला.

"पंखा बंद करा!" मी ओरडले.

नंतर कळलं की आडेखोलच्या इतिहासात कौलाच्या मध्ये कोणी ओरडलं नव्हतं. धर्मा गुरव सावकाश माझ्याकडे वळला.

"कित्याक? देवाक उकडता. तुका काय?"

"पंख्यामुळे डावी बाजू आधी वाळली. म्हणून डावी पडली. हा कौल धरता येणार नाही."

आपा गावकार पुढे सरकले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, उलट गोडी लागलेली दिसत होती. "म्हणजे पंखो बंद केलो तर?"

"तर उजवा पडेल."

"नक्की?"

"नक्की. समई उजवीकडे आहे ना. त्या उष्णतेने…"

मी थांबले. पण उशीर झाला होता.

"म्हणजे," आपा म्हणाले, "उजवो पडतलो ह्या तुका म्हायत होता. म्हणान सभेत आधी उठान 'माका मान्य' म्हटलंस."

 पंखा अजून फिरत होता.  खांबांवरच्या पोरांनाही आता समजलं होतं की धुऱ्यांच्या पोरीने देवाची परीक्षा घेतली आणि पेपर आधीच फोडला. दिनूकाका आपल्या पायांकडे बघत होता. मला तळोजाचं टेबल दिसायला लागलं. त्यावर सॉसची बाटली.

आणि मग धर्मा गुरव म्हणाला, "पंखो बंद करा रे. चेडवाचा समाधान होवंदे."

पंखा थांबला. थांबताना त्याच्यावरचं मंडळाचं नाव हळूहळू दिसू लागलं.

"पण डावो पडलो तो पडलो," धर्मा म्हणाला. "देवाच्या मनात कायतरी आसा. ता काढूक व्हया. कोणाक काय सुचता तर सांगा."

हे मला माहीत नव्हतं. मी पाहिलेल्या सोमवारी डावा पडला तो एकच, आणि तो शिंकेचा म्हणून गुरवाने पुन्हा लावला होता, त्यामुळे ही वेळ आलीच नव्हती. आडेखोलात डावा कौल म्हणजे शेवट नसतो. डावा पडला की देव कशासाठी अडून बसला आहे, ते एकेक करून विचारायचं. ज्याला सुचेल त्याने पुढे यायचं, गुरवाच्या कानात सांगायचं आणि गुरवाने ते नाव न घेता देवापुढे घालायचं. 'एका लेकराच्या मनात असा आसा म्हाराजा.' उजवा पडला, तर देवाला तेच हवं होतं.

पहिले आपा उठले. धर्माच्या कानाला लागले. पाकळ्या नव्याने लागल्या.

"एका लेकराच्या मनात असा आसा म्हाराजा! दर वर्साची पयली बाटली देवचाराच्या नावान काढूची. असा तुज्या मनात आसात तर उजवो दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

उजवी पाकळी पडली. साहजिकच. समई उजवीकडे होती, पंखा बंद होता.

"मान्य?" आपांनी मला विचारलं.

"मान्य," मी म्हटलं. एक बाटली काय मोठी गोष्ट होती.

मग वरच्या वाडीतला एकजण उठला. बोंडू आधी गावातले घ्यायचे, मग बाहेरचे. उजवा. खालच्या वाडीतला एक उठला. चोथा गुरांना फुकट द्यायचा. उजवा. विजयाताई स्वतः उठल्या, डोक्यावरून पदर घेऊन, कोण हे कोणाला कळू नये अशा बेताने. कामाला बायका घ्यायच्या, दोन्ही वाड्यांतून सारख्या. उजवा. कोणाला तरी सोमवारी कारखाना बंद हवा होता. उजवा. शिमग्यात पाच दिवस बंद. उजवा. देवळाच्या मंडपाला आणखी एक पंखा. गाव खदखदून हसला आणि पाकळी उजवीकडेच पडली.

मी तिथे बसून माझ्या स्वतःच्या सिद्धांताचं काम पाहत होते. पंखा मी बंद करायला लावला होता. उजवाच पडेल, नक्की पडेल, असं सगळ्या गावासमोर मी सांगितलं होतं. आता कोणीही येऊन काहीही मागावं आणि देवाने ते द्यावं. हरकत घ्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पुन्हा पंखा लावा म्हणू?

"जरा आटपा रे," धर्मा गुरव म्हणाला. "पाकळे संपत इले."

तेव्हा बायकांमधून काकी उठली.

ती समोरून चालत गेली. काकाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. धर्माच्या कानाशी वाकली आणि इतरांपेक्षा जास्त वेळ बोलली. धर्माने मान डोलावली. ती जागेवर जाऊन पोचेपर्यंत तो थांबला. मग एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाला,

"एका लेकराच्या मनात असा आसा म्हाराजा. वायन करूची ती करूची. भायर विकूची ती विकूची. पण आडेखोलच्या बापयाक एक थेंब विकूचो नाय. पैशान नाय, उधार नाय, चव म्हणान पण नाय. असा तुज्या मनात आसात तर उजवो दी म्हाराजा."

बापयाक म्हणजे पुरुषाला. या वेळी "होय म्हाराजा" फक्त उजवीकडून आलं. पण सगळ्या बायका एकदम बोलल्या, त्यामुळे आवाज कमी वाटला नाही.

दिनूकाकाने मान वर केली. सगळे पुरुष पाकळीकडे असं बघत होते की नजरेनेच ती जागेवर राहील. ती पडली.

"मान्य?" आपांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा खोल गेला होता.

मी बायकांकडे पाहिलं. ग्रामसभेत याच बायका होत्या. एका विनोदापलीकडे कोणी काही बोललं नव्हतं. कारण तिथे बोललं असतं तर ते कोणाचं तरी बोलणं झालं असतं. कोणाच्या तरी नवऱ्याला, दिराला, पुतणीला लागलं असतं. त्याच घरात रात्री जेवायचं असतं.

"मान्य," मी म्हटलं.

"आता सगळा झाला," धर्मा म्हणाला. "आता शेवटचा विचारूया. दाखलो देवचो काय नाय."

त्याने मूर्तीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि थाळीत उरलेल्या पाकळ्यांतल्या दोन निवडून लावल्या. मी सवयीने समईकडे पाहिलं. तेल संपलं होतं. वाती काजळल्या होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत शेवटची ज्योत फडफडली आणि विझली. नुसता धूर. धर्माला तेल घालायचं भान नव्हतं आणि घाला म्हणायची माझी हिंमत नव्हती. आज मी एकदा ओरडून झाले होते.

म्हणजे आता पंखा नाही, समई नाही. दगड सगळीकडून सारखा ओला. मी डोक्यात सगळं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. उजवीकडे थोडा जास्त उतार असेल? बायकांच्या बाजूने दारातून झुळूक? काही सांगता येत नव्हतं. गावातल्या कोणालाही जेवढं माहीत होतं, तेवढंच आता मलाही माहीत होतं.

"बा देवा गांगेश्वरा," धर्माने सुरुवात केली, "आता तुज्या मनातला सगळा झाला. दाखलो देवचो आसात तर उजवो दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. कोणीतरी खोकलं आणि चारजण त्याच्यावर डोळे वटारून वळले. खांबावरचं एक पोर घसरत खाली आलं आणि तिथेच बसलं. आपांनी टोपी काढली, घातली. विजयाताईंच्या ओठांची हालचाल होत होती. त्यांचं काय जात होतं, कुणास ठाऊक, पण त्या मनापासून काहीतरी मागत होत्या. पाण्याचा एक ओघळ मूर्तीच्या मधून खाली आला आणि कुठल्याच बाजूला न जाता सरळ गेला.

त्या वेळी मी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते, असं सगळे सांगतात. मला आठवत नाही. मला फक्त आवाज आठवतो.

"उजवो!"

दिनूकाकाने मला खांद्याला धरून हलवलं तेव्हा मी डोळे उघडले असावेत. म्हणजे मिटले होते हे खरं असणार.

*

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. दाखला दुसऱ्याच दिवशी मिळाला. विजयाताईंनी स्वतः सही करून घरी आणून दिला आणि जाताना आठवण केली, "दोन्ही वाड्यांतून सारख्या हां." शिरसाट साहेबांनी तो फाइलला लावला. सोमवार, शिमगा, देवचार वगैरे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांच्या नमुन्यात त्याला रकाना नव्हता. परवान्यावर लिहिलं होतं की एकवीस वर्षांवरील कोणत्याही व्यक्तीस विक्री करता येईल. कायद्याप्रमाणे आडेखोलचे पुरुष व्यक्ती होते. कौलाप्रमाणे नव्हते. मी दोन्ही पाळायचं ठरवलं, आणि पाळता येतं असं लक्षात आलं.

विक्रीची खिडकी दिवाळीत उघडली. पहिल्या दिवशी रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्या थांबतील असा माझा अंदाज होता. गाड्यांच्या आधी दिनूकाका आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, भांग पाडलेला.

"एक दी," तो म्हणाला. "मोठी."

"काका, नाही देता येणार."

"पैसे हाडलंय. फुकट नको."

"पैशाने नाही, उधार नाही, चव म्हणूनही नाही. तुम्ही होतात ना तिथे."

"ती अट गावाक! मी घरातलो. सख्खो काका तुजो. ही झाडा माज्या बापाशीन लायली."

"हो. पण तुम्ही आडेखोलचेच ना?"

त्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता चढणार. पण काय बोलणार? मी काही ठरवलं नव्हतं. सरपंचांनी ठरवलं नव्हतं. धर्माने फक्त दुसऱ्याचं सांगितलं होतं, आणि त्या दुसऱ्याचं नाव देवळात कोणीच घेतलं नव्हतं. कोणी उठून गुरवाकडे गेलं होतं, ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्यानेही पाहिलं होतं. पण गुरवाच्या कानात जे जातं, ते कोणाचं नसतं. काका थोडा वेळ राग हातात धरून उभा राहिला आणि तो ठेवायला जागा सापडेना.

"गांगोचा डोक्या फिरला हा," तो शेवटी म्हणाला, लगेच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि घरी गेला.

त्यानंतर काकाची दारू सुटली असं सांगितलं तर खोटं होईल. बुधवारचा बाजार पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. पण बाजार आठ मैलांवर होता आणि बुधवार आठवड्यातून एकदाच यायचा.

दुपारी मी जेवायला घरी गेले तेव्हा काका पाटावर बसला होता. सदरा अजून तोच. काकीने ताट पुढे ठेवलं.

"इतको इस्त्री करून खंय गेल्लास?"

"खंय नाय."

तिने बांगड्याची आमटी वाढली. काकाने दोन घास घेतले.

"ह्या चेडवान माका बाटली दिल्यान नाय," काका म्हणाला.

"अगो बाये!" काकी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर एवढं आश्चर्य होतं की क्षणभर मीच गोंधळले. "सख्ख्या काकाक? कित्याक गो?"

"कौल आहे ना, काकी," मी म्हटलं.

"हां. कौल." तिने पळी आमटीत घातली आणि बांगड्याचा मधला, मोठा तुकडा उचलून काकाच्या ताटात ठेवला. "देवान सांगल्यान तर मगे काय करतलास? भांडतलास कोणावांगडा? भात वाढू?"

काकाने विचार केला. खरोखरच केला. छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

"वाढ," तो म्हणाला.